सेन्सर बदलण्याआधी त्याचं म्हणणं ऐका

गाडीचं अ‍ॅव्हरेज पडतं, डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला जातो, कोड निघतो आणि निदान सांगितलं जातं, ‘ऑक्सिजन सेन्सर गेलाय, बदलावा लागेल.’ आपण काही हजार रुपये मोजतो. नवा सेन्सर बसतो, दिवा विझतो. आठ-पंधरा दिवसांनी तोच दिवा पुन्हा लागतो आणि स्कॅनरवर तोच कोड येतो. मग संशय ‘डुप्लिकेट पार्ट’वर जातो.

पार्ट अनेकदा चांगलाच असतो. काढून टाकलेला जुना सेन्सरही चांगला असण्याची शक्यता बरीच असते. विजेचं बिल दुप्पट आलं की आपण आधी मीटरला दोष देतो. पण गीझर दिवसभर चालू राहिला असेल तर मीटर बदलून बिल काही कमी होत नाही. सेन्सरचंही तसंच आहे. इंजिनात हवा आणि इंधन यांचं मिश्रण बिघडलं की ते सेन्सरला कळतं आणि तो तसं सांगतो. कोडवर नाव त्याचं येतं, बिघाड दुसरीकडेच असतो. म्हणून सेन्सर बदलण्याआधी तो काय सांगतोय हे वाचायला शिकावं. त्यासाठी मेकॅनिक असण्याची गरज नाही. मिश्रण कसं ठरतं हे एकदा समजलं आणि दोन-तीन आकडे बघायची सवय लागली, की गॅरेजमध्ये नेमका प्रश्न विचारता येतो. हा लेख पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांपुरता आहे.

सेन्सर काय मोजतो

ऑक्सिजन सेन्सर इंजिनाच्या अगदी जवळ, एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर किंवा त्याला लागून असलेल्या पाइपात बसवलेला असतो. टोकाला भोकं असलेली धातूची टोपी आणि मागून निघालेल्या, बहुधा चार, वायर अशी त्याची ओळख. टोपीच्या आत झिर्कोनिया या सिरॅमिकचा घटक असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॅटिनमचा पातळ थर असतो. एका बाजूला बाहेरची हवा, जिच्यात सुमारे २१ टक्के ऑक्सिजन आहे. दुसऱ्या बाजूला इंजिनातून आलेला जळलेला वायू. घटक साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापला की झिर्कोनियातून ऑक्सिजनचे आयन सरकू लागतात आणि दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमधल्या तफावतीनुसार व्होल्टेज तयार होतं. यामागचं समीकरण जर्मन रसायनशास्त्रज्ञ वाल्थर नेर्न्स्ट यांनी १८८९ मध्ये मांडलं होतं. मोटारीत ते उतरलं १९७६ मध्ये, बॉश कंपनीने व्होल्वोच्या गाड्यांसाठी हा सेन्सर बनवला तेव्हा.

मिश्रणात पेट्रोल जास्त असेल, म्हणजे गाडी ‘रिच’ चालत असेल, तर एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन जवळजवळ उरत नाही. तफावत मोठी होते आणि सेन्सर ०.८ ते ०.९ व्होल्ट दाखवतो. हवा जास्त, म्हणजे गाडी ‘लीन’ असेल, तर ऑक्सिजन शिल्लक राहतो आणि व्होल्टेज ०.१ च्या आसपास उतरतं. मधला बदल हळूहळू होत नाही; ०.४५ व्होल्टच्या अलीकडे-पलीकडे एकदम उडी असते. त्यामुळे हा जुन्या धाटणीचा ‘नॅरोबँड’ सेन्सर मिश्रण कोणत्या बाजूला झुकलंय एवढंच नीट सांगतो, किती झुकलंय ते सांगत नाही. अनेक नव्या गाड्यांत पुढच्या बाजूला ‘वाइडबँड’ किंवा ‘एअर-फ्युएल रेशो’ सेन्सर असतो. तो किती झुकलंय हेही सांगतो, पण त्याचं वाचन व्होल्टच्या या हिशोबात करायचं नसतं. स्कॅनरवर ते लॅम्डाच्या आकड्यात किंवा करंटमध्ये बघावं लागतं. आपल्या गाडीत कोणता सेन्सर आहे हे न बघता ‘व्होल्टेज हलत नाही, सेन्सर मेला’ असं म्हणणं हा निदानातला नेहमीचा घोळ आहे.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. सेन्सर ऑक्सिजन मोजतो, पेट्रोल मोजत नाही. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन कुठून आला याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पुढचे बहुतेक गोंधळ याच एका गोष्टीतून निघतात.

मिश्रण कसं ठरतं

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण नेमकं जमलं की त्याला लॅम्डा १ म्हणतात. लॅम्डा १ पेक्षा कमी म्हणजे रिच, जास्त म्हणजे लीन. रिच मिश्रणात कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळलेले हायड्रोकार्बन वाढतात, प्लग काळे पडतात, अ‍ॅव्हरेज घसरतं. लीन मिश्रणात गाडी झटके देते, पिकअप मरतो आणि नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात. सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, गॅरेजच्या भाषेतला कॅटकॉन, हे तिन्ही प्रदूषक एकाच वेळी निकामी करू शकतो. पण मिश्रण लॅम्डा १ च्या अगदी जवळ ठेवलं तरच. सेन्सरचा जन्मच मुळात या गरजेतून झाला. आपल्याकडे नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला तो चार महानगरांत १ एप्रिल १९९५ पासून. शिसं कॅटकॉन आणि सेन्सर दोन्ही नासवतं. शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झालं १ फेब्रुवारी २००० पासून. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आल्यावर दुचाकींमध्येही फ्युएल इंजेक्शन आणि ऑक्सिजन सेन्सर सर्रास दिसू लागले.

इंजिनाचा कंट्रोलर, म्हणजे ईसीयू, आधी आत किती हवा आली याचा अंदाज बांधतो. त्यासाठी हवेचा प्रवाह मोजणारा एमएएफ सेन्सर किंवा मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा एमएपी सेन्सर असतो. त्या अंदाजावरून इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते ठरतं. मग ऑक्सिजन सेन्सर निकाल सांगतो. लीन आलं तर ईसीयू पेट्रोल थोडं वाढवतो, रिच आलं तर कमी करतो. हे चक्र अखंड चालू असतं; त्याला ‘क्लोज्ड लूप’ म्हणतात. गरम इंजिनावर नॅरोबँड सेन्सरचं व्होल्टेज सतत वर-खाली होताना दिसतं ते यामुळेच. ती लक्षणं बिघाडाची नाहीत, तब्येत चांगली असल्याची आहेत.

काही वेळा ईसीयू सेन्सरचं ऐकत नाही. थंड इंजिन सुरू केल्यावर सेन्सर तापेपर्यंत आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर पेट्रोल ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे जातं. याला ‘ओपन लूप’ म्हणतात. गिअरमध्ये असताना पाय उचलला की पेट्रोल तर काही क्षण बंदच होतं. घरापासून ऑफिस दोन-तीन किलोमीटर, अशा रोजच्या तुटक वापरात गाडी बराच वेळ ओपन लूपमध्ये आणि रिच चालते. तिथे अ‍ॅव्हरेज कमी मिळालं तर त्याचं खापर सेन्सरवर फोडू नये.

ट्रिम: सगळ्यात उपयोगी आकडा

ईसीयूने कोष्टकातल्या मापापेक्षा पेट्रोल किती टक्के वाढवलं किंवा घटवलं, हा आकडा म्हणजे फ्युएल ट्रिम. तो दोन प्रकारचा असतो. शॉर्ट टर्म ट्रिम क्षणाक्षणाला हलतो. लाँग टर्म ट्रिम म्हणजे ईसीयूने लावून घेतलेली कायमची सवय. दोन्हींची बेरीज बघायची. बेरीज अधिक असेल तर ईसीयू लीन भरून काढतोय, उणे असेल तर रिच कमी करतोय.

गरम इंजिनावर बेरीज अधिक-उणे ५ टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. १० पर्यंत चालवून घेण्यासारखं. त्यापुढे कारण शोधायला लागा. साधारण २० ते २५ टक्क्यांच्या पुढे गेलं की ईसीयू हात टेकतो आणि कोड टाकतो. पी ०१७१ म्हणजे मिश्रण फार लीन, पी ०१७२ म्हणजे फार रिच. नीट बघा, या दोन्ही कोडचा अर्थ ‘सेन्सर खराब’ असा नाही. सेन्सरने सांगितलेलं दुरुस्त करता करता ईसीयूची मर्यादा संपली, एवढाच त्यांचा अर्थ आहे.

हे आकडे बघायला स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या ओबीडी सॉकेटमध्ये बसणारा साधा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइलवरचं अ‍ॅप पुरतं. गॅरेजच्या स्कॅनरवर तर ‘लाइव्ह डेटा’ असतोच. फक्त कोड सांगून थांबणाऱ्या माणसाला विनंती करा: ‘लाइव्ह डेटामध्ये दोन्ही ट्रिम दाखवाल का?’ पुढची अर्धी चर्चा या एका प्रश्नाने रुळावर येते.

आकडे वाचायचे कसे

एक नमुना घेऊ. एमएएफ सेन्सर असलेली गाडी आहे, कोड पी ०१७१. इंजिन पूर्ण गरम, एसी बंद. आयडलिंगला लाँग टर्म ट्रिम अधिक १८, शॉर्ट टर्म अधिक ४, बेरीज २२. आता रेस वाढवून २५०० आरपीएमवर धरा. अर्ध्या मिनिटात बेरीज अधिक ५ वर आली. याचा अर्थ काय?

सेन्सर खोटं बोलत असता तर तो दोन्ही ठिकाणी साधारण सारखंच खोटं बोलला असता. इथे आयडलिंगलाच फरक मोठा आहे. आयडलिंगला इंजिन मुळात थोडी हवा घेतं, त्यामुळे कुठून तरी चोरून शिरणारी थोडीशी हवाही मोठा वाटा उचलते. रेस वाढली की मुख्य वाटेने येणारी हवा कितीतरी पट होते आणि चोरटी हवा तिच्यात नगण्य ठरते. म्हणजे ही गळती थ्रॉटलच्या पुढे, इनटेक मॅनिफोल्डच्या बाजूला आहे. ब्रेक बूस्टरचा पाइप, क्रँककेसची वाफ इनटेकमध्ये नेणारा पीसीव्हीचा होज, मॅनिफोल्डचं गॅस्केट, इंजेक्टरचे ओ-रिंग हे क्रमाने बघायचे. रबरी होज वरून धडधाकट दिसतो आणि वळणाच्या खालच्या बाजूला तडकलेला असतो. बोटांनी वाकवून बघितल्याशिवाय ते कळत नाही. चांगल्या गॅरेजमध्ये इनटेकमध्ये धूर सोडून गळती शोधतात. जिथे फट असेल तिथून धूर बाहेर येतो. शंभर-दोनशे रुपयांच्या होजने सुटणारा प्रश्न लोक हजारोंच्या सेन्सरने सोडवायला जातात, तो इथेच.

इथे एक पोटनियम आहे. फक्त एमएपी सेन्सर असलेल्या लहान गाड्या आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांत अशी गळती झाली की दाब वाढलेला एमएपीला दिसतो, ईसीयू त्या हिशोबाने पेट्रोलही वाढवतो आणि ट्रिम फारसा हलत नाही. तिथे गळतीची खूण म्हणजे चढलेलं किंवा वर-खाली होणारं आयडलिंग.

आता उलट चित्र. आयडलिंगला ट्रिम ठीक, पण घाट चढताना किंवा वेगात जाताना तो अधिक १५-२० वर जातो. इथे इंधन पुरत नाहीये. पेट्रोल फिल्टर तुंबलाय, पंप थकलाय किंवा इंजेक्टर चोंदलेत. एमएएफ सेन्सरच्या तारेवर धूळ बसली असेल तरीही असंच दिसतं, कारण तो आत आलेल्या हवेपेक्षा कमी हवा सांगतो.

ट्रिम दोन्हीकडे उणे १५-२० असेल तर कुठून तरी जादा पेट्रोल येतंय. गळका इंजेक्टर, वाढलेला फ्युएल प्रेशर, टाकीची वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलेला, ही नेहमीची कारणं. ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा उग्र वास आला तर ऑइलमध्ये पेट्रोल मिसळतंय. ऑइल बदलल्याशिवाय ट्रिम नीट होणार नाही.

सेन्सर फसतो ती दोन ठिकाणं

पहिलं ठिकाण म्हणजे एक्झॉस्टची गळती. मॅनिफोल्डला चीर गेली किंवा सेन्सरच्या आधीचं गॅस्केट फुटलं की धूर बाहेर पडतोच. पण एक्झॉस्टचा प्रवाह धक्क्याधक्क्याने वाहत असल्याने मधल्या क्षणांत बाहेरची हवा आतही ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो. तो ‘लीन’ सांगतो, ईसीयू पेट्रोल वाढवतो. प्रत्यक्षात मिश्रण आधी ठीक होतं, आता रिच झालं. ट्रिम अधिक आणि तरी प्लग काळे, सायलेन्सरला पेट्रोलचा वास, अशी विसंगती दिसली की एक्झॉस्टची गळती आधी शोधा. थंड इंजिन सुरू केल्यावर बॉनेटमधून ‘टक-टक’ असा आवाज येतो आणि गरम झाल्यावर कमी होतो, ही तिची ओळखीची खूण. जोडाभोवती काजळीचा काळा डागही दिसतो.

दुसरं ठिकाण म्हणजे मिसफायर. एखाद्या सिलिंडरचा प्लग किंवा कॉइल काम करत नसेल तर तिथली हवा आणि पेट्रोल न जळता तसंच बाहेर पडतं. पेट्रोल सेन्सरला दिसत नाही, ऑक्सिजन दिसतो. पुन्हा तेच: ‘लीन’ची बातमी, आणखी पेट्रोल. हे कच्चं पेट्रोल पुढे कॅटकॉनमध्ये जाऊन जळतं आणि तो इतका तापतो की आतली जाळी वितळू शकते. चेक इंजिनचा दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल तर त्याचा अर्थ बहुधा हाच. अशा वेळी वेग कमी करा, गाडी दामटू नका, लवकर गॅरेज गाठा. कॅटकॉनचा खर्च सेन्सरच्या कित्येक पट असतो.

म्हणून क्रम कायम हाच ठेवा: आधी प्लग-कॉइल, मग एक्झॉस्टची गळती, मग हवेची गळती, मग इंधनाचा दाब आणि शेवटी सेन्सर.

ई-२० आणि सीएनजी: आपल्याकडचे दोन खास मुद्दे

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असल्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. एक किलो इथेनॉलला सुमारे ९ किलो. त्यामुळे ई-२० चं नेमकं प्रमाण १४.७ वरून सुमारे १३.५ वर येतं. सेन्सरला हे वेगळं शिकवावं लागत नाही. तो ऑक्सिजन बघतो, त्यामुळे इंधन कोणतंही असो, ईसीयू त्याच्या मदतीने लॅम्डा १ गाठतो. फक्त तेवढ्याच हवेसाठी इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो. साध्या पेट्रोलचा हिशोब धरून बनलेल्या गाडीत वजनाने जवळपास ८-९ टक्के, आणि ई-१० धरून बनलेल्या गाडीत ४-५ टक्के इंधन वाढवावं लागतं. जुन्या गाडीत लाँग टर्म ट्रिम एवढा अधिक दिसला, गाडी नीट चालत असेल आणि कोड नसेल, तर तो बिघाड समजू नका. अ‍ॅव्हरेजमधली थोडी घटही इंधनाची आहे, सेन्सरची नाही. मात्र आधीच ८-१० टक्के लीन असलेली गाडी ई-२० मुळे कोडच्या उंबरठ्यापर्यंत पोचू शकते. जुनी गळती दुरुस्त करण्याची हीच वेळ.

सीएनजीचं नेमकं प्रमाण १७ च्या आसपास असतं. बाहेरून बसवलेल्या सिक्वेन्शियल किटमध्ये मूळ ईसीयू पेट्रोलचाच हिशोब करत राहतो आणि किटचा कंट्रोलर त्याचं गॅसच्या मापात रूपांतर करतो. हे रूपांतर नीट ट्यून केलेलं नसेल तर गॅसवर चालताना ईसीयू ट्रिम वाढवत किंवा घटवत नेतो, आणि गाडी पेट्रोलवर आली की तीच चुकीची सवय पेट्रोलला लागू होते. ‘सीएनजीवर बरी, पेट्रोलवर झटके’ या तक्रारीचं हे मोठं कारण. तपासणी सोपी आहे. गरम गाडी आधी पेट्रोलवर दहा-पंधरा मिनिटं चालवून ट्रिम लिहून घ्या, मग गॅसवर तेवढीच चालवून पुन्हा लिहा. पेट्रोलवर आकडा शून्याच्या जवळ आणि गॅसवर लांब गेला, तर किटवाल्याकडे जाऊन लॅपटॉप लावून ट्यूनिंग करून घ्या, गॅसचा फिल्टर बदला. दोन्हीकडे सारखाच लांब असेल तरच इंजिनाकडे आणि सेन्सरकडे वळा.

सेन्सर खरोखर जातो तेव्हा

सेन्सर अमर नाही. हीटर असलेला चांगला सेन्सर दीड लाख किलोमीटरच्या आसपास चालतो. इंजिन ऑइल पीत असेल तर बराच आधी जातो. त्याच्या बिघाडाचे कोड वेगळे असतात. पी ०१३५ हा पुढच्या सेन्सरच्या हीटरचा, पी ०१३३ हा मंदावलेल्या प्रतिसादाचा. हीटर गेला की सेन्सर तापायला वेळ लागतो, गाडी जास्त काळ ओपन लूपमध्ये राहते आणि शहरातलं अ‍ॅव्हरेज पडतं. पण हीटरच्या कोडवरही आधी फ्यूज बघा, मग कनेक्टर आणि वायर. पावसाळ्यात कनेक्टरमध्ये पाणी जातं, उभ्या गाडीत उंदीर वायर कुरतडतात, सुटलेली वायर गरम मॅनिफोल्डला टेकून वितळते. मल्टीमीटरने हीटरच्या दोन पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा. काही ओहम दाखवले तर हीटर शाबूत आहे. काहीच जोड दिसली नाही तर जळालाय.

नॅरोबँड सेन्सरची साधी परीक्षा अशी. गरम इंजिन २५०० आरपीएमवर धरून व्होल्टेजचा आलेख बघा. दहा सेकंदांत तो ०.२ च्या खाली आणि ०.७ च्या वर अनेकदा जायला हवा. मग अ‍ॅक्सिलरेटर झटकन दाबा, ०.८ च्या पुढे उडी यायला हवी. सोडा, ०.१ कडे कोसळायला हवा. दोन्ही टोकं झटपट गाठली तर सेन्सर जिवंत आहे, मग ट्रिम काहीही असो. आलेख आळसावल्यासारखा चढत-उतरत असेल किंवा मध्येच अडकून राहत असेल तर सेन्सर थकलाय.

काढलेल्या सेन्सरचं टोक टाकून देण्याआधी नीट बघा. सुकी काळी काजळी म्हणजे मिश्रण रिच होतं. पांढरट थर म्हणजे सिलिकॉन किंवा कूलंट पोचलंय. कूलंट असेल तर हेड गॅस्केट तपासा. तपकिरी, चिकट थर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. कारण तसंच ठेवून नवा सेन्सर बसवला तर त्याचीही तीच गत होणार.

बदलताना घ्यायची काळजी

कोणता सेन्सर हे आधी पक्कं करा. कॅटकॉनच्या आधीचा तो सेन्सर १, नंतरचा तो सेन्सर २. मिश्रण मुख्यतः पुढचा सांभाळतो. मागचा कॅटकॉनवर लक्ष ठेवतो. त्याचं व्होल्टेज ०.६-०.७ च्या आसपास बऱ्यापैकी स्थिर असायला हवं. तोही पुढच्यासारखाच वर-खाली नाचत असेल आणि पी ०४२० कोड असेल तर कॅटकॉन थकलाय. मागचा सेन्सर बदलून काही साधणार नाही.

जोडणीचा आणि टोकाचा प्रकार गाडीला जुळणाराच हवा. वायर कापून जोडायचा ‘युनिव्हर्सल’ सेन्सर शक्यतो टाळा. बऱ्याच सेन्सरना आतली संदर्भाची हवा वायरच्या आतून मिळते, चुकीची जोड ती वाट बंद करू शकते. याच कारणाने कनेक्टरवर ग्रीस किंवा क्लीनर फवारू नये. सेन्सर बहुधा २२ मिलिमीटरच्या पान्याने निघतो. वायरसाठी खाच असलेला खास सॉकेट मिळतो. आटे जाम असतील तर इंजिन कोमट असताना काढा, भाजणार नाही एवढी खबरदारी घेऊन. नव्या सेन्सरच्या आट्यांना बहुधा आधीच अँटी-सीझ लावलेलं असतं. ते टोकाला लागू देऊ नका. सेन्सर हातातून पडला तर आतलं सिरॅमिक तडकू शकतं, मग तो बसवू नये. गरम सेन्सरवर गार पाणी पडूनही तसंच होतं. तुंबलेल्या रस्त्यांतून गाडी घालताना हेही ध्यानात ठेवा. इंजिनाच्या जोडांना सीलंट लावायचाच असेल तर डब्यावर ‘सेन्सर सेफ’ लिहिलेलाच वापरा.

तीन गोष्टी करू नका. जुना सेन्सर पेट्रोलने धुऊन किंवा ज्योतीवर जाळून ‘साफ’ करू नका. कोड दिसू नये म्हणून स्पेसर किंवा रेझिस्टर लावू नका. आणि कॅटकॉन पोकळ करून घेऊ नका. बीएस-४ आणि त्यापुढच्या पेट्रोल मोटारींना पीयूसीत आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे आणि चढ्या आरपीएमवर लॅम्डा ०.९७ ते १.०३ मध्ये लागतो. तो कागद नुसता काचेमागे ठेवण्यापुरता समजू नका. त्यावरचे हे दोन आकडे दर वेळी वाचा आणि मागच्याशी ताडून बघा. कार्बन मोनॉक्साइड वाढत चालला असेल तर दिवा लागायच्या आधीच बिघाडाची चाहूल लागते. त्या आकड्यात आपल्या पेट्रोलचा खर्च आहे आणि सिग्नलला आपल्या मागे उभ्या असलेल्या दुचाकीस्वाराच्या फुप्फुसांत जाणारी हवाही आहे.

गॅरेजमध्ये जाताना

जाण्याआधी बॅटरीची तार काढून दिवा घालवू नका. कोडसोबत साठवलेली ‘फ्रीझ फ्रेम’, म्हणजे बिघाडाच्या क्षणी वेग, तापमान आणि ट्रिम किती होते याची नोंद, त्याने पुसली जाते. ईसीयूने लावून घेतलेल्या सवयीही जातात. टाकी फुल ते फुल या पद्धतीने अ‍ॅव्हरेज काढा, डिस्प्लेवरच्या आकड्यावर विसंबू नका. झटके थंड गाडीला येतात की गरम, आयडलिंगला की चढावर, पेट्रोलवर की गॅसवर, हे लिहून न्या. दुरुस्ती झाल्यावर कोड पुसून गाडी शहरात आणि हायवेवर मिळून शंभरेक किलोमीटर चालवा आणि ट्रिम पुन्हा बघा. तो शून्याच्या जवळ आला तरच काम झालं समजा. नुसता दिवा विझणं हा पुरावा नव्हे.

आणि ‘सेन्सर बदलावा लागेल’ असं कुणी म्हणालं तर तीन गोष्टी विचारा. आयडलिंगला आणि २५०० आरपीएमवर ट्रिम किती आहे? प्लग, एक्झॉस्ट आणि हवेची गळती तपासली का? रेस देऊन सेन्सर दोन्ही टोकं गाठतो का ते पाहिलं का? चांगल्या मेकॅनिकला हे प्रश्न आवडतात, कारण त्यांची उत्तरं त्याने आधीच काढून ठेवलेली असतात. ती मिळाली तर खुशाल सेन्सर बदला. मिळाली नाहीत तर आधी तपासणीचे पैसे द्या, पार्टचे नको.